नऊ मीटरची ढाबळ

१८ फेब्रुवारी, रविवार

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: कबुतरांच्या ढाबळी एकोणीस. सगळ्या इथल्या, इंबाबातल्या गच्च्यांवर, सगळ्या लाकडी. सर्वांत बुटकी पाच मीटर, सर्वांत उंच माझी स्वतःची, नऊ मीटर. आज उभ्या सतरा. दोन घरमालकांनी पाडल्या, वाऱ्याने एकही नाही. घरातलं जेवणाचं टेबल, खुर्च्या सहा. लेकीच्या, हालाच्या, लग्नातलं कपाट. बारा वर्षं झाली, दार अजून कुरकुरत नाही. कोपऱ्यावरच्या मशिदीतली चपलांची मांडणी, एकशे चाळीस खणांची. एक होडी. ती बुडाली, तरी लिहितो, कारण इथे खरं तेच लिहायचं ठरवलं आहे.

इस्पितळाच्या कागदावर 'व्यवसाय' या शब्दापुढे बोटभर जागा होती. कारकुनाने 'सुतार' लिहून पुढचं पान उलटलं. म्हणून वरची यादी. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं माझं मी शिकलो, वाचणं-लिहिणंसुद्धा, खिळे बांधून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर मारियान म्हणाल्या, "रोज लिहा. दुखणं दहापैकी किती, हात किती वर गेला. चार ओळी पुरे."

ऑपरेशनला आज आठवा दिवस. उजवा स्तन काढला, काखेतल्या अकरा गाठी काढल्या. दुखणं सहा. हात पुढून खांद्याच्या निम्म्यापर्यंत, बाजूने त्याहून कमी. काखेत नळी, नळीच्या टोकाला बाटली. कालपासून चाळीस मिली, रंग जास्वंदीच्या सरबतात पाणी जास्त झाल्यासारखा.

१९ फेब्रुवारी

शिंक आली. दुखणं नऊ.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

नळी काढली. डॉक्टर म्हणाले, मोठा श्वास घ्या, आणि मी घेतला तेव्हा ओढली. किती लांब असेल असं वाटलं होतं त्याच्या दुप्पट लांब निघाली.

घरी आरशात पहिल्यांदा पाहिलं. उजवी बाजू सपाट, पाटासारखी. व्रण सतरा सेंटीमीटर, टेप लावून मोजला. काखेकडे जाताना थोडा वर चढतो. मधले टाके जवळजवळ, कडेचे लांब. मी असतो तर अंतर सारखं ठेवलं असतं. पण कड कुठे उचललेली नाही, काम चांगलं आहे. दंडाची आतली बाजू बधिर. तिथे बोट लावलं की दुसऱ्याच्या हाताला लावल्यासारखं वाटतं.

मुअल्लिम शहाता जिन्यात भेटला. भंगारवाला, म्हणून मुअल्लिम, शेठ; मी सुतार, म्हणून उस्ता. गल्लीच्या पलीकडची गच्ची त्याची, अलीकडची माझी. अठरा वर्षं त्याची कबुतरं आणि माझी कबुतरं लढतात, एकमेकांच्या थव्यातली फोडून आपल्या गच्चीवर उतरवतात. माझा हात पोटाशी धरलेला बघून म्हणाला, "काय रे उस्ता, हाताला काय झालं? दहा-बारा दिवस गच्चीवर कबुतरांचं निशाण दिसलं नाही तुझं."

मी म्हणालो, "पडलो. ढाबळीवरून."

तोंडातून आलं ते आलं. त्याला काय सांगणार होतो? की मला बायकांचा आजार झाला? गल्लीत मला वर्षभर 'सित्त रिफअत', रिफअतबाई, म्हणून हाका मारल्या असत्या.

माझी बायको इन्शिराह औषधांची पिशवी घेऊन मागेच उभी होती. घरात येऊन तिने दार लावलं.

"ढाबळीवरून?"

"मग काय सांगायचं?"

"जिन्यावरून पडलो म्हण. रिक्षाने उडवलं म्हण. एकोणीस ढाबळी बांधणारा माणूस आणि स्वतःच्याच ढाबळीवरून पडला?"

"जिन्यावरून म्हातारे पडतात."

ती हसली. मग थोडी रडली. मग घेवड्याचं पातेलं चुलीवर चढवलं आणि म्हणाली, "बस. निदान जेवताना तरी पडू नकोस."

२७ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायामाचा माझा पहिला वर्ग. खुर्च्या गोल मांडलेल्या. बायका पाच आणि मी.

त्यांतली सित्त दौलत मासे विकते. वय पासष्टच्या पुढे, आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. मला बघून म्हणाली, "हा कोणाचा नवरा सोबत आलाय? बाहेर बसव गं त्याला."

डॉक्टर मारियान म्हणाल्या, "हे पेशंट आहेत."

दौलतने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठला?"

"उजवा."

"एकच? माझे दोन्ही गेले. सरक तिकडे, चांगली खुर्ची मला दे."

सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि व्रण ताणला गेला. हसल्याचं दुखणं सात.

व्यायाम एक: भिंतीवर बोटांनी चढायचं, कोळ्यासारखं. दोन: दारावरच्या कप्पीतून दोरी, चांगल्या हाताने ओढून आजारी हात वर न्यायचा. कप्पी प्लास्टिकची. भोक मधोमध नाही, त्यामुळे चाक डुगडुगतं आणि दोरी प्रत्येक फेऱ्यात एकदा अडकते. नेमका हात वर असताना अडकते. या बायका दोन महिने हे सहन करताहेत आणि कोणी काही बोललेलं नाही. बीचचं लाकूड घरात आहे.

३ मार्च, रविवार

दुखणं आणि आखडणं या दोन गोष्टी आहेत. कागदावर एकच रकाना आहे, ते चूक आहे. दुखणं येतं, जातं, त्याला गोळी आहे. आखडणं मात्र सकाळी आपल्या आधी उठून बसलेलं असतं. ओलीत फुगलेलं दार जसं, चौकट तीच, दार तेच, पण सरकत नाही. जोर केला तर बिजागरी जाईल. दार सुकू द्यायचं आणि रोज थोडं हलवायचं.

छातीवर कोणीतरी लहान मापाचा सदरा शिवून ठेवल्यासारखं वाटतं. काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली एक तार आली आहे, हात बाजूला नेला की वर उठते, दिसते. डॉक्टर मारियान म्हणाल्या, घाबरू नका, पुष्कळांना येते. झटका द्यायचा नाही.

मोजायला साधन केलं. प्लायवूडचा पाऊण गोल, पाच-पाच अंशांवर रेघा, न्हाणीघराच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला खिळला. खिळे डाव्या हाताने ठोकले, एकही वाकडा नाही. पुढून पंच्याऐंशी. बाजूने सत्तर. दुखणं पाच.

डॉक्टर मारियान म्हणतात एप्रिलच्या मध्यापर्यंत हात डोक्यावर गेला पाहिजे. नाहीतर किरणांच्या यंत्राखाली निजता येत नाही.

८ मार्च, शुक्रवार

चूक झाली. जशी झाली तशी लिहितो.

दुपारी उन्हं उतरल्यावर इन्शिराहने दारं उघडली, थवा वर गेला. मी खाली खुर्चीवर. समोर शहाताचाही थवा वर. दोन्हींच्या मध्ये एक परकं कबूतर शिरलं, पांढऱ्या शेपटीचं, वाट चुकलेलं. असं कबूतर आकाशात असताना जो कबुतरवाला खुर्चीवर बसून राहील त्याने कोंबड्या पाळाव्यात.

डाव्या हाताने धरून चार मीटर चढलो. निशाण उजव्या हातात घेतलं. माझा थवा अठरा वर्षं, पिढ्यान्पिढ्या, हेच शिकलेला: निशाण डोक्यावर मोठं गोल फिरलं की वर जायचं. निशाण खांद्याच्या खाली आडवं हललं की उतरायचं. मी गोल फिरवायला गेलो. हात नव्वदवर जाऊन थांबला. निशाण खांद्याशीच आडवं हललं.

थवा उतरायला लागला. त्याच वेळी शहाताचा उतरत होता. माझी नऊ त्याच्यात मिसळून त्याच्या गच्चीवर गेली आणि त्याने जाळी टाकली. पांढऱ्या शेपटीचंही त्यालाच मिळालं.

कबुतरांनी बरोबर वाचलं. वाक्य मी चुकीचं लिहिलं.

हात पुन्हा वर रेटला तेव्हा काखेत टक् असा आवाज झाला. दुखणं नऊ. इन्शिराहने खालून शिडी धरली आणि मी पूर्ण खाली येईपर्यंत सोडली नाही. मग बोलली. ते सगळं इथे लिहीत नाही.

९ मार्च, शनिवार

फोनवर डॉक्टर मारियान आधी ओरडल्या, मग म्हणाल्या ती तार तुटली असेल, कधी कधी तुटते, नुकसान नाही. खरंच सकाळी पुढून पंच्याण्णव. हे त्यांना सांगितलं नाही, नाहीतर मी मुद्दाम केलं असं वाटेल.

दुपारी शहाता स्वतः पिंजरा घेऊन आला. नऊच्या नऊ.

"घे बाबा तुझी पोरं."

"किती झाले?"

"काही नको."

आमचा ठराव आहे. पकडलेलं कबूतर एकतर पैसे देऊन सोडवायचं, नाहीतर त्याच्या मानेवर सुरी. फुकट परत फक्त एकाच माणसाची देतात, जो मेला त्याची, त्याच्या बायकोला.

मी म्हणालो, "मी मेलो का?"

"अरे तू पडलेला माणूस. बरा हो, मग लढू. पडलेल्या माणसाकडून पैसे घेतले तर लोक काय म्हणतील मला?"

"पैसे घे नाहीतर काप."

"उस्ता, डोक्यावर पडलास का तू?"

इन्शिराह दारातून म्हणाली, "मुअल्लिम, डोकं आधीपासूनच तसं आहे."

तो पिंजरा ठेवून गेला. मी तो डाव्या हाताने उचलला, गल्ली ओलांडली, त्याचे चार मजले चढलो. उजवा हात पोटाशी. प्रत्येक मजल्यावर थांबलो. त्याच्या दारात पिंजरा ठेवून वर पैसे ठेवले. त्याने घेतले, चहा दिला. पण पैसे खिशात टाकताना माझ्याकडे बघितलं नाही. नोटा परत मिळाल्या असत्या तर इतकं लागलं नसतं.

१२ मार्च, मंगळवार

रमजानचा दुसरा दिवस. सहा कप्प्या वर्गाला दिल्या. बीच, आत पितळी नळी, भोक मधोमध. सगळं डाव्या हाताने, लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरून. दौलतने दोरी तीनदा ओढली. "आवाजच नाही हिला," म्हणाली, "बंद तर पडली नाही?" माझ्या कामाची इतकी चांगली स्तुती आजवर झालेली नाही.

पुढून एकशे पाच. दुखणं चार.

२० मार्च, बुधवार

वर्राकचे हाजी मुर्सी, पावभट्टीवाले. जानेवारीत त्यांनी विसावी ढाबळ सांगितली होती. नऊ मीटर, माझ्या स्वतःच्या ढाबळीसारखी हुबेहूब. आज फोन.

"उस्ता, ती सहा मीटर कर."

"का हाजी?"

"का म्हणजे? तूच पडलास ना तिच्यावरून? ज्याने बांधली तोच पडतो, मग माझ्या मुलांचं काय?"

मी सांगितलं की ढाबळीला काही दोष नाही. ते म्हणाले, "मग दोष कोणाचा?" ईदनंतर बोलू म्हणालो.

इफ्तारनंतर चहाच्या दुकानात गेलो तर कोणीतरी मागून म्हणालं, रिफअतची ढाबळ रिफअतलाच झेपली नाही. हसले सगळे. मीही हसलो.

सव्वीस वर्षं. एकोणीस ढाबळी. पोरं चढली, म्हातारे चढले, एक नवरदेव लग्नाच्या कपड्यांत चढला. कोणी पडलं नाही. पायरीचं अंतर मी अठ्ठावीस सेंटीमीटरच ठेवतो, ना जास्त ना कमी, आणि प्रत्येक पायरी खाचेत बसवतो, नुसत्या खिळ्यावर कधीच नाही. जे वाऱ्याला जमलं नाही ते माझ्या तोंडाने दोन शब्दांत केलं.

दुखणं तीन. आखडणं पुष्कळ.

२६ मार्च, मंगळवार

वर्गात हे सगळं गंमत म्हणून सांगितलं. पडल्याची थाप, शहाता, हाजी मुर्सी. बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. दौलत हसली नाही. दोन्ही हात कप्पीच्या दोरीवर तसेच ठेवून म्हणाली,

"म्हणजे आमच्यात बसतोस, आमच्याबरोबर हात वर करतोस, आणि दाराबाहेर पडलास की ढाबळीवरून पडतोस."

"तसं नाही सित्त दौलत. पुरुषाचं वेगळं असतं."

"काय वेगळं? मी रोज मासे विकते. गिऱ्हाईक विचारतं, बाई, छाती कुठे गेली? मी सांगते, कापली, पाव किलोच्या भावाने तुला देऊ का? गिऱ्हाईक पळतं, पण परत येतं, मासे ताजे असतात ना माझे. लाज वाटावी असं आम्ही काय केलंय, उस्ता? तू काय केलंयस?"

डॉक्टर मारियान म्हणाल्या, चला, पुढचा व्यायाम. मी जमिनीवरच्या फरशा मोजल्या. चौदा गुणिले अकरा.

आज अंश मोजले नाहीत.

७ एप्रिल, रविवार

एकशे पन्नास पुढून, एकशे चाळीस बाजूने. तीन वेळा मोजलं, कारण विश्वास बसला नाही.

व्रण आता मऊ ठेवायचा, तेल लावून, बोटांनी गोल. मी डाव्या हाताने लावतो ते काखेपर्यंत पोचत नाही. आज इन्शिराहने बाटली हातातून काढून घेतली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिने तिथे हात लावला.

"इथे कळतं?"

"नाही."

"इथे?"

"दाब कळतो. बोट कळत नाही."

"इथे?"

"इथे कळतं."

तिथे तिने आणखी तेल घेतलं. मग म्हणाली, "टाके अगदीच वाकडे आहेत रे. तू बरा शिवला असतास." मी तिला हे कधी बोललो नव्हतो.

१५ एप्रिल, सोमवार

किरणांच्या यंत्राखाली पहिला दिवस. दोन्ही हात डोक्यावर, मूठ दांड्याला, हलायचं नाही. यंत्र चालवणारा म्हणाला, उजवा हात इथवर नाही आला तर उशी देतो. आला. उशी लागली नाही. काखेत आग होती, दंड थरथरायला बघत होता, मी त्याला थरथरू दिलं नाही. छतावर पाण्याचा एक डाग आहे, कडेची पट्टी नीट बसवली नसल्यामुळे. त्याच्याकडे बघत राहिलो.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पुष्कळांना पहिल्या दिवशी जमत नाही." एकशे पासष्ट. आखडणं आहेच. आता त्याच्यापुढे रोज दोन अंश मी जातो.

२६ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टर मारियाननी परवानगी दिली. निशाणाचा नवा दांडा केला, पोकळ वेताचा, जुन्याच्या एक तृतीयांश वजनाचा.

शेवटच्या पायरीपर्यंत चढलो. नऊ मीटर. इंबाबा खाली पसरलेलं, माझ्या ढाबळी मोजल्या, सतराच्या सतरा. इन्शिराहने दारं उघडली. निशाण उजव्या हातात घेतलं आणि फिरवलं. एक पूर्ण गोल, डोक्यावरून, कुठेही न अडकता. थवा असा वर गेला की खालच्या गल्लीतल्या लोकांनी माना वर केल्या.

शहाताची दोन कबुतरं माझ्यात मिसळून उतरली. जाळी टाकली. दहा मिनिटांत सोडवणुकीचे पैसे आले. मी मोजून घेतले आणि निरोप्याच्या डोळ्यांत बघून घेतले.

मग शहाता त्याच्या गच्चीवरून ओरडला, "छान उस्ता! पण सांभाळून उतर, परत पडशील!"

गल्ली हसली. नऊ मीटरवर उभा होतो, हात एकशे बाहत्तर अंशांवर होता, आणि मी निशाण गुंडाळून सांभाळूनच उतरलो.

२८ एप्रिल, रविवार

हाजी मुर्सी आले, थेट गच्चीवर, शहाताला सोबत घेऊन. म्हणाले, सहा मीटरची बांध, पैसे नऊ मीटरचे घे, शिवाय वर पंधरा हजार, तुझ्या पडण्याच्या औषधपाण्याला. मी सदऱ्याची बटणं काढली आणि दाखवलं. म्हणालो, माझ्या ढाबळीवरून आजवर कोणी पडलेलं नाही, मीही नाही. मला स्तनाचा कॅन्सर झाला, तो कापून काढला. नऊ मीटर हवी असेल तर बांधतो. सहा मीटरला नाही म्हणालो. नऊ मीटरचे ऐंशी आणि वरचे पंधरा, असे पंच्याण्णव हजार पौंड सोडले.